सातबाऱ्यावर मयत खातेदार आणि रानात पूर: मदतवाटपाचं एक प्रकरण

हे प्रकरण सीना नदीकाठच्या एका कुटुंबाचं आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, माणसांचीही नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर सरकारनं मदत जाहीर केली, शेजारच्या बांधावरच्या लोकांना ती मिळाली आणि या घराची मात्र अडकून राहिली. नुकसान खरं होतं आणि पंचनामाही झालेला होता. अडसर होता सातबाऱ्यावरच्या एका नावाचा, आणि तो काढण्याच्या घाईत घरातल्या एका बाईचा जमिनीवरचा हक्क कायमचा जाण्याची वेळ आली होती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

22 आणि 23 सप्टेंबर 2025 ला सीनेला आलेला पूर या भागातल्या जुन्या माणसांनीही पाहिलेला नव्हता. परंडा, करमाळा, माढा या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. माणसं छतावर जाऊन बसली, काही ठिकाणी बोटीनं त्यांना बाहेर काढावं लागलं. या घरातली माणसं वाचली. दावणीची गाय मात्र पाण्यात गेली.

घरात साठीला आलेली आई आणि शेती करणारा धाकटा मुलगा. थोरला चाकणला कंत्राटी कामगार. सगळ्यांत मोठी बहीण बार्शी तालुक्यात दिलेली. वडील 2023 मध्ये सोलापूरच्या एका दवाखान्यात वारले. एका गटात 2 हेक्टर जमीन, म्हणजे जेमतेम पाच एकर, सगळी कोरडवाहू. त्या खरिपात 1 हेक्टर 60 आर सोयाबीन होतं आणि उरलेल्या 40 आरमध्ये तूर. सोयाबीन काढणीला आलेलं. चार दिवस पाण्यात राहिल्यावर उभ्या झाडाच्या शेंगांना कोंब फुटले, आणि नदीकडच्या पट्टीत तर पीक दिसतच नव्हतं, नुसता गाळ.

वडील जाऊन दोन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव होतं. कुणी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे होते, त्यामुळे दाखला सोलापूर महापालिकेतून आणायचा होता. थोरला म्हणायचा धाकटा आणील, धाकटा म्हणायचा दादा येताना घेऊन येईल. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. गावोगाव चावडीवर मयत खातेदारांच्या याद्या वाचल्या गेल्या आणि वारसांनी कागद द्यावेत असं सांगितलं गेलं. यांच्या गावातही यादी वाचली गेली, तिच्यात वडिलांचं नाव होतं. दाखला हातात नव्हता, म्हणून अर्ज राहिला.

मोहिमेतून निसटलेली अशी घरं थोडीथोडकी नाहीत. सातबाऱ्यावर वडिलांचं, कधी आजोबांचंही नाव असताना शेती सुरळीत चालते. पेरणीला, मशागतीला, बाजारात माल घालायला कुणी सातबारा मागत नाही. तो मागितला जातो कर्जाला आणि संकटात, आणि संकट आल्यावर फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलायला, लागणारे दिवस कुणाकडे उरलेले नसतात.

अडचण

पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात पंचनाम्याला तिघं आले: ग्राम महसूल अधिकारी, ज्यांना गाव अजून तलाठीच म्हणतं, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहाय्यक कृषी अधिकारी. एका महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदत मिळते. इथे त्यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं. तलाठ्यानं गट नंबर लिहिला, पीक लिहिलं, क्षेत्र लिहिलं. खातेदाराच्या रकान्यात वडिलांचं नाव आलं. आधार क्रमांक आणि बँक खात्याचे रकाने कोरे राहिले. शेऱ्यात ‘मयत’ एवढं लिहून पथक पुढच्या बांधावर गेलं. त्या दिवशी त्यांना आणखी बरीच रानं बघायची होती, त्यामुळे त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण पुढचे चार महिने या घराला ज्यानं छळलं ते सगळं त्या कोऱ्या रकान्यांतच होतं.

आता पैसा कसा येतो ते पाहू. पंचनाम्याची माहिती ऑनलाइन भरली जाते, तहसीलमधून यादी मंजूर होते आणि रक्कम थेट आधारला जोडलेल्या खात्यात पडते. ज्याच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक आहे त्याला या वेळी ई-केवायसीतून सूट होती. ज्याच्याकडे नाही त्याच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक येतो. तो घेऊन सेवा केंद्रात जायचं, यंत्रावर अंगठा लावायचा, मग पैसे सुटतात. मेलेला माणूस अंगठा लावू शकत नाही, त्याचा ओळख क्रमांकही निघत नाही. वारसांची नावं सातबाऱ्यावर नाहीत, म्हणून त्या जमिनीवर त्यांचेही ओळख क्रमांक निघत नाहीत. दोन्ही वाटा बंद.

ही तपासणी उगीच आलेली नाही. जालना जिल्ह्यात आधीच्या वर्षांच्या अनुदान वाटपात बनावट नावं घुसवल्याचं उघड झालं आणि महसूल कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. सरकारी पैसा खऱ्या माणसाच्याच हातात पडावा यासाठी खातरजमा हवीच. पण जिथे माणूस खरा, नुकसान खरं आणि फक्त नोंद जुनी, तिथे हीच खातरजमा गरजवंताला दाराबाहेर ठेवते.

रकमेचा हिशेबही समजून घ्यायला हवा, कारण घरातले सगळे निर्णय त्या आकड्यांभोवती फिरले. आपत्ती निधीच्या निकषाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये मिळतात, तेही 2 हेक्टरपर्यंत. 2024 च्या सुरुवातीला राज्यानं हा दर 13,600 आणि मर्यादा 3 हेक्टर केली होती, पण 2025 च्या मे अखेरीस पुन्हा जुना दर आणि जुनी मर्यादा आली. पुरानंतर 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात मर्यादा परत 3 हेक्टर झाली आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 रुपये जादा धरले गेले. म्हणजे कोरडवाहूला हेक्टरी 18,500. या घराचे 2 हेक्टरचे झाले 37,000 रुपये, त्यांतले 17,000 पिकाचे आणि 20,000 रब्बीचे, आणि ते वेगवेगळ्या वेळी यायचे होते. घरात मात्र एकच आकडा ठसला होता, सदतीस हजार, आणि एकच मुदत: दिवाळी. पैसे दिवाळीआधी खात्यात पडतील असं सरकारनं सांगितलं होतं. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं.

धाकट्यावर वेगळाच ताण होता. नोव्हेंबरात वाफसा आला की हरभरा आणि ज्वारी पेरायची होती. बियाणं उधारीवर मिळालं असतं, पण ट्रॅक्टरवाला रोख मागत होता. वडिलांच्या नावावर विकास सोसायटीचं पीक कर्ज थकलेलं, त्यामुळे नवं कर्ज मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सावकाराचं नाव घरात निघायला लागलं होतं.

कोणते मार्ग होते

गावात सल्ले चारी बाजूंनी आले. त्यांतले तीन खरोखर विचारात घेण्याजोगे होते.

पहिला मार्ग: वारस नोंद मागाहून करू, आत्ता प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांचं संमतीपत्र देऊन आईचं नाव थेट मदतीच्या यादीत घालून घेऊ. सामाईक खात्यात असं चालतं. बाकीच्या सहधारकांनी लेखी संमती दिली की एकाच्या खात्यात रक्कम जमा होते. मात्र ते सातबाऱ्यावर नावं असलेल्या सहधारकांसाठी. इथे आईचं नाव कुठेच नव्हतं. तलाठ्यानं सरळ सांगितलं, ‘वारस लागल्याशिवाय मी नाव भरणार नाही, उद्या माझ्याच अंगावर येईल.’ जालन्याच्या घटनेनंतर कुठलाही कर्मचारी असंच म्हणाला असता.

दुसरा मार्ग झटपट वाटणारा होता आणि तोच घातक होता. कुणीतरी धाकट्याला सांगितलं की वारस नोंदीबरोबरच बहिणीचं आणि थोरल्याचं हक्कसोडपत्र करून घे, म्हणजे खातं एकट्या तुझ्या नावावर होईल. पुढे ना संमतीपत्राची कटकट, ना कुणाच्या सहीसाठी थांबायचं. ऐकायला हे पटतं. वडिलोपार्जित जमिनीचं जवळच्या नात्यातलं हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांक शुल्कात होतं, दुय्यम निबंधकाकडे एक सकाळ गेली की काम झालं.

यात बहिणीचं काय जाणार होतं? वारस चार: आई, दोन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकाचा हिस्सा चौथा, म्हणजे 50 आर, सव्वा एकर. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच मिळतो हे स्पष्ट केलं. हक्कसोडपत्रावर सही झाली असती तर नदीकाठची सव्वा एकर काळी जमीन तिच्या हातून कायमची गेली असती. कशासाठी? तिच्या वाट्याला पिकाचे 4,250 आणि रब्बीचे 5,000, एकूण 9,250 रुपये येत होते, आणि तेही ती आईला द्यायला तयारच होती. तिला नको असलेल्या 9,250 रुपयांची वाट मोकळी करायला ती सव्वा एकर सोडणार होती. कुणी हा हिशेब तिच्यासमोर मांडला नसता तर तिनं सही केली असती, याबद्दल मला शंका नाही. माहेरचं नातं टिकावं म्हणून बायका असल्या सह्या करत आल्या आहेत.

संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र यांतला फरक गावात फार थोड्यांना ठाऊक असतो. दोन्हींवर सही, दोन्हींवर साक्षीदार, दोन्ही ‘भावाच्या नावावर करायचा कागद’. एक कागद एका रकमेपुरता असतो आणि रक्कम मिळाली की संपतो. दुसरा जमिनीवरचं नाव पुसतो आणि तो परत फिरवायचा तर दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. मदतवाटपाच्या गर्दीत, सेवा केंद्राच्या रांगेत, ‘आक्का, एवढी सही कर, पैसं अडकल्यात’ असं भाऊ म्हणतो तेव्हा कागदाचं शीर्षक वाचायची सवड कुणाला असते?

तिसरा मार्ग लांबचा होता. आधी दाखला आणायचा, चारही वारसांची नोंद करायची, फेरफार प्रमाणित होईपर्यंत थांबायचं, मग फक्त या मदतीपुरतं संमतीपत्र करून आईचं नाव पुरवणी यादीत घालायचं. यात दिवाळी जाणार होती, कदाचित रब्बीची पेरणीही. वारसाचा अर्ज आला की तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी 15 दिवस ठेवावे लागतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पूरग्रस्त तालुक्यात तेच मंडळ अधिकारी दिवसभर पंचनामे तपासत होते.

काय केलं

निर्णय फिरला तो आईमुळे. घरात बैठक बसली तेव्हा थोरलाही सुट्टी काढून आला होता. बहीण म्हणाली, ‘पैशाची सही आत्ता करते. रानाची सही मागू नगा.’ धाकटा चिडला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं: शेत तो कसतो, आईला तो सांभाळतो, पुरात गाळ त्यानं उपसला आणि सही मात्र सगळ्यांची लागते. आईनं त्याला एवढंच सांगितलं की नवरा जाऊन दोन वर्षं झाली तरी माझं नाव लागलेलं नाही, आता लेकीचं नाव लागायच्या आधीच काढायला मी तयार नाही. तिसरा मार्ग ठरला.

त्याबरोबर आणखी एक निर्णय झाला आणि घराला तगवलं ते त्यानं. गाईच्या मदतीचा जमिनीशी काही संबंध नव्हता. दुधाळ जनावर दगावलं तर 37,500 रुपये मिळतात, आणि ते जनावराच्या मालकाला. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे तिथे कुणी विचारत नाही. गाय कुणाच्या नावावर होती? कानात पिवळा बिल्ला, त्यावर 12 आकडी क्रमांक, आणि पशुधनाच्या नोंदीत मालक म्हणून आई, कारण डेअरीचं दूध तिच्याच नावावर जायचं. पाणी उतरल्यावर गाय दोन रानं पलीकडे बाभळीत अडकलेली सापडली होती. धाकट्यानं तेव्हाच बिल्ल्याचा जवळून फोटो काढून ठेवला होता, वाळलेल्या चिखलातून आकडे बोटानं पुसून. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला आणि तलाठ्याचा पंचनामा वेळेत झाला होता. पण जमिनीच्या अडकलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात गाईचा कागदही पडून राहिला होता, ‘सगळं एकदमच देऊ’ म्हणून. तो वेगळा काढून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तहसीलला दिला.

थोरला चाकणला परत जाताना सोलापूरमार्गे गेला आणि मृत्यूचा दाखला काढून मोबाईलवर पाठवला, मूळ प्रत पोस्टानं. वारसाचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन भरला. त्याचा मोठा फायदा म्हणजे अर्जाला क्रमांक मिळतो आणि तो कुठे थांबलाय ते दिसतं. कागदावर दिलेला अर्ज ‘साहेबांकडे आहे’ या उत्तरापलीकडे जात नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फेरफार धरला गेला, नोटिसा निघाल्या, हरकत आली नाही आणि महिना संपता संपता नोंद प्रमाणित झाली. सातबाऱ्यावर चार नावं आली.

संमतीपत्राचा मसुदा काळजीपूर्वक लिहिला. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि ‘सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टी व पुरामुळे झालेल्या पीक नुकसानीची शासकीय मदत व रब्बी अनुदान एवढ्यापुरतेच’ असे शब्द घातले. खाली स्वतंत्र ओळ: ‘या पत्राने माझ्या जमिनीतील हक्कावर, हिश्श्यावर किंवा पुढील कोणत्याही लाभावर परिणाम होणार नाही.’ सहीआधी बहिणीला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं एक प्रत स्वतःकडे मागितली. तिचं हे मागणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशा कागदांची प्रत बायकांकडे जवळजवळ कधीच राहत नाही.

अंगठा आणि खातं

डिसेंबरात पुरवणी यादी आली, आईच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक आला. घरात वाटलं, सुटलो. सेवा केंद्रात यंत्रानं अंगठा घेतला नाही. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या, त्यातच गाळ उपसताना सालं निघालेली. दहाही बोटं लावून झाली, कोमट पाण्यानं हात धुऊन पुन्हा लावली. शेवटी तालुक्याला जाऊन आधारमध्ये बोटांचे ठसे नव्यानं घेतले आणि ती नोंद वर चढल्यावर ई-केवायसी झाली.

त्यानंतरही पैसे दिसेनात. आईचं बचत खातं जिल्हा बँकेत, पासबुक तिथलंच. धाकटा दर दोन दिवसांनी पासबुक भरून बघायचा, काही नाही. मनात भीती अशी की वडिलांच्या थकीत कर्जात बँकेनं रक्कम वळवली असेल. शासनाचा आदेश आहे की मदतीची रक्कम कर्जवसुलीत वळती करायची नाही, पण आदेश असतानाही खातं होल्डवर टाकल्याच्या तक्रारी प्रत्येक वाटपात येतात, त्यामुळे भीती निराधार नव्हती. इथे कारण निराळं निघालं. आईनं 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं काढलं होतं आणि तेव्हा आधार तिकडे जोडलं गेलं होतं. थेट लाभाची रक्कम आधार सर्वांत शेवटी ज्या बँकेला जोडलेलं असतं तिकडे जाते, अर्जात लिहिलेला खाते क्रमांक बघितला जात नाही. पैसे पोस्टमनच्या यंत्रावर दिसले.

निष्पत्ती

गाईचे 37,500 रुपये दिवाळीच्या आठवड्यात आले आणि त्याच पैशावर रब्बी पेरली गेली. सावकाराकडे जावं लागलं नाही. नवी गाय घेणं मात्र राहिलं, आणि दुधाचे जे चार पैसे दर दहा दिवसांनी हातात यायचे ते थांबले. एका गाईची मदत पाच एकर खरिपाच्या आणि रब्बीच्या मिळून मदतीपेक्षा 500 रुपयांनी जास्त होती. पिकाचा उत्पादन खर्चही त्या 17,000 त भरून निघत नाही हे कोणताही सोयाबीनवाला सांगेल, म्हणून या रकमेला भरपाई म्हणणं मला पटत नाही. ती मदत आहे, आणि ती वेळेवर आली तरच मदत.

पिकाचे 17,000 डिसेंबर अखेरीस आले. रब्बीचे 20,000 जानेवारीत, हरभरा फुलोऱ्यात असताना. शेजाऱ्याला, ज्याच्याकडे ओळख क्रमांक होता, पिकाची रक्कम दोन महिने आधी मिळाली होती. पीक विम्याचं तर नावच नको. एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपात बंद झाला होता, हप्ता भरायचा होता आणि मयत खातेदाराच्या नावानं तो भरता आला नाही.

भावाबहिणीतला ताण पूर्ण गेलेला नाही. धाकट्याला अजून वाटतं की आक्का थोडी वाकली असती तर त्याचं पुढचं सोपं झालं असतं. बहीण संक्रांतीला माहेरी आली, एवढं सांगता येईल.

वेगळं काय करता आलं असतं

घराच्या बाजूनं पाहिलं तर सगळं मृत्यूच्या दाखल्यापाशी येऊन थांबतं. वारसा मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं असं जमीन महसूल संहिता सांगते. वडील दवाखान्यात वारले तर तेराव्यानंतर लगेच त्या शहरातून दाखल्याच्या तीन-चार प्रती काढाव्यात, त्या बँकेला, सोसायटीला आणि सातबाऱ्याला अशा सगळीकडे लागतात. हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नाही. एप्रिलच्या चावडी वाचनात नाव वाचलं गेलं तेव्हा ग्रामपंचायतीनं मयतांच्या घरी जाऊन ‘तुमचा कोणता कागद अडलाय’ एवढं विचारलं असतं तरी सहा महिने हातात होते.

पंचनाम्याच्या वेळी करता येण्याजोगं सगळ्यांत सोपं काम म्हणजे शेऱ्यात नुसतं ‘मयत’ न लिहिता त्याच जागी वारसांची नावं, मोबाईल क्रमांक आणि कसणारा कोण हे लिहून घेणं. पथकासोबत ग्रामपंचायत अधिकारी असतो, शेजारचे शेतकरी उभे असतात, पंचांच्या सह्या होतातच. तोच कागद वारस नोंदीचा अर्ज म्हणून धरला आणि हरकतीचे 15 दिवस त्या दिवसापासून मोजले, तर मुख्य यादीबरोबरच अशा घरांची यादी तयार होईल. खातरजमा तीच राहते, फक्त ती यादीच्या मागे न लागता यादीबरोबर चालते. यासाठी वरून स्पष्ट सूचना हवी, कारण एकट्या तलाठ्यानं आपल्या जबाबदारीवर हे करावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

संमतीपत्राचा एकच छापील नमुना हवा, ठळक शीर्षकाचा, ‘फक्त या मदतीपुरते’ असं वरच लिहिलेला, आणि तो सेवा केंद्रात फुकट मिळायला हवा. आज जो तो आपापल्या टायपिस्टकडून लिहून आणतो आणि त्यात जुन्या हक्कसोडपत्राची वाक्यं तशीच उचललेली असतात. याच प्रकरणातला पहिला मसुदा तसा होता. ‘माझा कोणताही हक्क राहिला नाही व राहणार नाही’ हे वाक्य त्यात होतं, आणि ते काढायला लावावं लागलं. मदतवाटपाच्या काळात दुय्यम निबंधकाकडे येणाऱ्या बहिणींच्या हक्कसोडपत्रांकडे कुणीतरी थांबून पाहायला हवं, असंही मला मनापासून वाटतं.

गाईचा अर्ज आधीच वेगळा गेला असता तर पैसे आणखी लवकर आले असते. जमिनीवर अवलंबून असलेली आणि नसलेली मदत पहिल्याच दिवशी वेगळी करावी: जनावर, घराची पडझड, घरातलं वाहून गेलेलं सामान यांना सातबारा लागत नाही. आणि पैसे आले नाहीत असं वाटलं तर आधी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघावं. मोबाईलवरही ते दिसतं, सेवा केंद्रातही कळतं.

आता चौघांचेही शेतकरी ओळख क्रमांक काढायचं चाललंय. तिघांचे मंजूर झाले. थोरल्याचा अडकलाय, कारण त्याच्या आधारवरचं आडनाव आणि सातबाऱ्यावरचं आडनाव यांत एका वेलांटीचा फरक आहे. दुरुस्तीचा अर्ज दिलेला आहे आणि येत्या खरिपाआधी तो निकाली निघावा म्हणून धाकटाच तलाठी कार्यालयाला चकरा मारतो आहे.